टाचण नसलेला तास



आज जरा कडू लिहिणार आहे. नात्यातल्या दोघा-तिघांना वाटेल की हे आपल्यालाच उद्देशून आहे. वाटू दे, आहेच ते. पण फक्त त्यांच्यापुरतं असतं तर फोनवर बोलून मोकळी झाले असते. गावोगावच्या मैदानांवर, शाळांत आणि पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवलेल्या अकादम्यांत जे चाललंय, त्याबद्दल हे लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. खेळाडूच्या सरावाचं वर्षभराचं नियोजन ज्याला करता येत नाही, आज काय करून घ्यायचं नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या हाती आपलं मूल देऊ नये. मग त्याच्या भिंतीवर कितीही ढाली लटकत असोत.

इंग्रजीत याला ‘पिरियडायझेशन’ म्हणतात. मी आपलं साधं ‘टप्पेवार नियोजन’ म्हणते. शब्द परका असला तरी कल्पना आम्हा शिक्षकांना मुळीच परकी नाही. आम्ही आयुष्यभर काय केलं? जूनमध्ये वार्षिक नियोजन. त्यातून मासिक. त्यातून घटक नियोजन. आणि रोजच्या तासाचं पाठ टाचण, त्यावर मुख्याध्यापकांची सही. कंटाळवाणं काम होतं, आणि गेल्या वर्षीचं टाचण नव्या वहीत उतरवणारे महाभागही होतेच. पण त्यामागचा विचार पक्का होता. आठवीच्या मुलाला पहिल्याच दिवशी शेवटचा धडा शिकवत नाहीत. वार्षिक परीक्षा रोज घेत नाहीत. नवा भाग शिकवला की उजळणीला वेळ ठेवतात. आणि मे महिन्यात सुट्टी देतात.

खेळातही नेमकं हेच आहे. वर्षाचा आराखडा म्हणजे मॅक्रोसायकल, काही आठवड्यांचा घटक म्हणजे मेसोसायकल, एका आठवड्याचा तो मायक्रोसायकल, आणि रोजचा सराव म्हणजे तास. नावं अवघड, गोष्ट सोपी. मग मराठीच्या तासाला टाचण लागतं आणि पोराच्या गुडघ्यांच्या, नडगीच्या, फुप्फुसांच्या तासाला लागत नाही, हे कुणी ठरवलं?

आता उदाहरण. माझ्या भाच्याची मुलगी, वय वर्षं तेरा, सहाशे मीटर धावते. चांगली धावते. (तिच्या आईला विचारूनच हे लिहितेय.) तिला एका अकादमीत घातलं. अकादमीचं नाव घेत नाही, कारण एकाचं घेतलं तर बाकीच्या निर्दोष ठरतील. तिथून मिळालेलं वेळापत्रक भाच्याने मला मोठ्या कौतुकाने पाठवलं. सोमवार ते शनिवार, पहाटे साडेपाच ते सात धावणे. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात ‘स्पीड’. रविवारी जिथे कुठे बक्षिसाची रोड रेस असेल तिथे जीपमध्ये बसून जायचं. वेळापत्रकावर महिना नाही, वर्ष नाही, स्पर्धेची तारीख नाही, मुलीचं नावसुद्धा नाही. अठरा वर्षांच्या मुलालाही तेच, हिलाही तेच. आणि ते लॅमिनेट केलेलं! म्हणजे बदलायचा विचार कुणाच्या मनातही नाही.

मी कागद-पेन्सिल घेतली. सकाळी नव्वद मिनिटं, संध्याकाळी पंचाहत्तर. दिवसाचे १६५, सहा दिवसांचे ९९०. म्हणजे आठवड्याला साडेसोळा तास, शिवाय रविवारची रेस. मुलांच्या खेळातल्या दुखापतींचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी एक ढोबळ आडाखा दिला आहे. मुलाचं वय जितकं, आठवड्याला जास्तीत जास्त तितके तास संघटित सराव. तेरा वर्षांच्या मुलीला तेरा तास, आणि तेही वरची मर्यादा म्हणून. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१६ पासून सांगते आहे की आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी. शिवाय वर्षात एकेक महिन्याचे तुकडे करून एकूण तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून मूल दूर असावं. हिला वर्षभरात किती दिवस सुट्टी मिळाली? दिवाळीचे दोन.

दिवाळीनंतर नडगी दुखायला लागली. आधी धावताना, मग चालताना, मग रात्री झोपेत. हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद सांगितलं. यावर अकादमीच्या सरांचं उत्तर काय, तर ‘हल्लीच्या पोरी नाजूक.’ आणि आमच्या भाच्याचं उत्तर, ‘मावशी, तू मराठी-इतिहासाची बाई. तुला यातलं काय कळतं? घाम गाळल्याशिवाय कुणी मोठं झालंय का?’

तर भाच्या, आता शांतपणे वाच.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई हे अगदी खरं. म्हणूनच शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसाला तीन-चार पानं या गतीने मी हा विषय वाचते आहे. आणि वाचल्यावर कळलं की यात अंतर्ज्ञान लागत नाही. अभ्यास लागतो.

पहिली गोष्ट शरीराची. सराव चालू असताना शरीर बलवान होत नसतं, ते थकत असतं. बलवान होतं ते नंतर, झोपेत, जेवणात आणि विश्रांतीत, झालेली झीज भरून काढताना. हान्स सेल्ये नावाच्या संशोधकाने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांविषयी एक छोटंसं टिपण प्रसिद्ध केलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, औषधाची जास्त मात्रा द्या किंवा अतोनात व्यायाम करायला लावा. कारण काहीही असो, शरीर ठरावीक टप्प्यांतून जातं. आधी धक्का बसतो, मग ते तोंड द्यायला शिकतं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी कोलमडतं. लक्षात घ्या, त्या यादीत थंडी आणि जखमेच्या शेजारी अतिव्यायाम बसलेला आहे! पुढे खेळाच्या अभ्यासकांनी यातून सरळ अर्थ काढला. ताण द्या, पण दुसऱ्या टप्प्यावरून तिसऱ्यावर जाऊ देऊ नका. ती सीमारेषा ओळखणं हेच प्रशिक्षकाचं काम. बाकी शिट्टी काय, कुणीही वाजवतो.

दुसरी गोष्ट काळाची. सोव्हिएत युनियन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला तो १९५२ मध्ये, हेलसिंकीला. त्यानंतरच्या काळात लेव मातवेयेव या अभ्यासकाने तिथल्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासून १९६० च्या दशकात वर्षाची मांडणी केली. आधी तयारीचा काळ, मग स्पर्धेचा, मग संक्रमणाचा, म्हणजे विसाव्याचा. तयारीत मेहनत भरपूर पण जोर बेताचा. स्पर्धा जवळ येईल तशी मेहनत कमी आणि जोर जास्त. पुढे रुमानियातून कॅनडात गेलेल्या ट्यूडर बोम्पा यांच्या इंग्रजी पुस्तकाने ही मांडणी जगभर पोचवली.

त्याच हेलसिंकीत आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, तेव्हा तो माणूस तिथे पोचला. आपण गेली सत्तर वर्षं यातली वर्गणीची गोष्ट अभिमानाने सांगतो. सांगावीच. पण खाशाबांनी त्या वर्षी सराव कसा केला, कोणत्या महिन्यात काय केलं, हे कुणाला सांगता येतं का? नोंद ठेवणं आपल्याला कधी महत्त्वाचं वाटलंच नाही. एकीकडे वह्या भरल्या गेल्या, दुसरीकडे ऊर भरून आले.

इथे एक हमखास आक्षेप येतो. ‘हे सगळं मोठ्या देशांचं. आमच्या शाळेला धड मैदान नाही.’ त्यांच्यासाठी न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांची गोष्ट. हा गृहस्थ ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात कामाला होता. प्रयोगशाळा नाही, सरकारी मदत नाही. वर्षानुवर्षं स्वतःवर प्रयोग करून त्याने टप्पे बसवले. आधी कित्येक आठवडे आठवड्याला शंभर मैलांपर्यंत दमसासाचं धावणं. मग टेकड्यांवरचं धावणं. मग काही आठवडे वेगाचं काम. मग स्पर्धेआधीची धार आणि विश्रांती. त्याच्याच वस्तीतली पोरं त्याच्याबरोबर धावत. २ सप्टेंबर १९६० ला रोममध्ये, तासाभराच्या आत, त्यातल्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॉलबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. हॉलबर्गचा डावा हात रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने कायमचा अधू झालेला होता. चार वर्षांनी टोकियोत स्नेलने ८०० आणि १५०० दोन्ही जिंकल्या. लिडियार्डकडे काय होतं? तारीख माहीत होती आणि तिथून मागे मोजता येत होतं.

(आता कुणीतरी शंभर मैलांचा आकडा उचलून आमच्या नातीला लावेल, म्हणून आधीच सांगते. ते मोठे, वर्षानुवर्षं घडलेले पुरुष होते. आकडा उचलू नका, मागे मोजायची रीत उचला.)

दुसरा आक्षेप केनियाचा. ‘ती पोरं बघा, अनवाणी धावतात, कुठलं आलंय नियोजन!’ या वाक्याइतकं आळशी वाक्य नाही. मॅरेथॉनमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा एलियुद किपचोगे दोन दशकांहून अधिक काळ प्रत्येक सरावाची नोंद स्वतःच्या हाताने वहीत लिहीत आला आहे. त्याचे गुरू पॅट्रिक सँग स्वतः ऑलिंपिकचे रौप्यपदक विजेते. आपल्याला दिसतो तो लाल मातीचा रस्ता आणि पहाटेचा थवा. वही दिसत नाही.

तिसरा आक्षेप, ‘लहानपणी पिळून काढलं नाही तर मोठेपणी हाती काही लागत नाही.’ बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडे बघा. बारावी होऊन तो सैन्यात गेला, आणि स्टीपलचेसकडे वळला तो त्यानंतर, विशी ओलांडल्यावर. २०१८ मध्ये त्याने ८ मिनिटं २९.८० सेकंदांत धावून गोपाल सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीच शर्यत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत संपवून रौप्यपदक घेतलं. चार वर्षांत अठरा सेकंदांहून जास्त सुधारणा, आणि तीही मोठेपणी! तेराव्या वर्षी नडगी झिजवून घेण्याची घाई कशासाठी?

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, बाई म्हणून लिहितेच. साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास मुलींची उंची सर्वात झपाट्याने वाढते, मुलांची दोनेक वर्षांनी उशिरा. त्या काळात हाडांची वाढीची टोकं नाजूक असतात. गुडघ्याखाली स्नायूबंध जिथे हाडाला जोडतो तिथे दुखणं ही या वयाची ठरलेली तक्रार. खेळणाऱ्या मुलीला सरावाच्या मानाने खायला कमी पडलं तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, मन चिडचिडं होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये यावर वेगळं निवेदन काढलं. किती अकादम्यांत सर मुलीच्या आईला हे विचारतात? किती ठिकाणी विचारण्यासाठी एखादी बाई तरी आहे? ‘वजन कमी कर’ एवढं मात्र सगळे सांगतात.

आता शाळांकडे येते, कारण सगळं खापर अकादम्यांवर फोडणं अन्यायाचं होईल. आपल्या शालेय स्पर्धांचा जिना सगळ्यांना माहीत आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि पावसाळ्यातच तालुक्याच्या स्पर्धा येऊन ठेपतात. म्हणजे सुट्टीत आंबे खाऊन आलेलं मूल काही आठवड्यांत शर्यतीला उभं. तालुक्याला हरलं की त्याचं वर्ष संपलं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. जिंकलं तर वेगळीच शिक्षा. त्याने तालुक्याला जीव तोडायचा, जिल्ह्याला तोडायचा, विभागाला तोडायचा, आणि राज्य स्पर्धेला जाईतो तोडायला जीवच उरत नाही.

अभ्यास केलेला माणूस इथे काय करेल? मुख्य स्पर्धा एकच ठरवेल. समजा राज्यस्तर. बाकीच्या शर्यती सरावाचाच भाग म्हणून धावायला लावेल. मुख्य स्पर्धेआधी साधारण दोन आठवडे सरावाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणेल, पण वेग आणि दिवस तेच ठेवेल. हे निम्म्याचं गणित मी मनाने सांगत नाही, या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून २००७ मध्ये ते मांडलं गेलं आहे. आपल्याकडे नेमकं उलट! स्पर्धा जवळ आली की सराव दुप्पट. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला जागवणारे पालक आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पळवून मारणारे सर, एकाच माळेचे मणी.

तालुक्याला हरलेल्या मुलांसाठी थंडीत दुसरा हंगाम का नाही? त्यांना सहा महिने पायाभरणी करून पुन्हा धावायची संधी दिली तर खर्च किती येईल? चुना, शिट्टी आणि एक घड्याळ. पण आपल्याला निकाल हवा असतो, मुलं नको असतात.

पालकांचीही बाजू समजते मला. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतीच्या घरात त्याची किंमत किती, हे मला शहरातल्या कुणी शिकवायला नको. म्हणूनच तर सांगतेय. ज्या पोरीच्या पायावर घराची आशा आहे, तो पाय अंदाजपंचे वापरायला देता? शेतातल्या बैलाला आपण आठवड्याचे सातही दिवस औताला जुंपत नाही. जमीनसुद्धा पड ठेवतो. मुलीला मात्र पड नाही!

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रजेवरच्या शिक्षकाचे तास, सगळं दिलं जातं हे मी स्टाफरूममध्ये बसून पाहिलं आहे. त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. पण बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात हा विषय आहे. तयारीचा काळ, स्पर्धेचा काळ, संक्रमणाचा काळ, सगळं पुस्तकात आहे. अडचण ही की तो टीपा लिहा या प्रश्नापुरता वाचला जातो, पाच गुणांना. माझी सूचना अशी. पदवी देण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका मुलाची किंवा मुलीची वर्षभराची वही मागा. काय ठरवलं होतं, काय झालं, मूल किती झोपलं, कुठे दुखलं, आणि मग आराखडा कसा बदलला. नक्कल करून आणलेल्या शंभर पानी फाइलपेक्षा ही एक वही जास्त शिकवेल.

आणि हे सगळं मराठीत हवं. बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे खंडच्या खंड काढले. ज्या भाषेत मल्लखांबापासून लाठीपर्यंत सगळं लिहिलं गेलं, त्या भाषेत सरावाचं नियोजन लिहायला कुणी अडवलंय? तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला जाडजूड इंग्रजी पुस्तक परवडत नाही, उमगत नाही, आणि मग तो यूट्यूबवरच्या कुणा पिळदार दंडवाल्याचं ऐकतो. दोष त्याचा एकट्याचा नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळते, कारण तेही वाढत चालले आहेत. यांना नियोजन मान्य असतं, पण तयार. कुठल्यातरी ॲपमधून सोळा आठवड्यांचा तक्ता उतरवून घ्यायचा, रंगीत छापायचा, आणि पोराला त्यात कोंबायचं. मंगळवारी ताप असला तरी मंगळवारचं ते मंगळवारी. हाही अडाणीपणाच, फक्त संगणकावरचा.

हा आजार किती जुना आहे बघा. तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रॅटस नावाच्या ग्रीक लेखकाने व्यायामशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्या काळी ग्रीक मल्लांमध्ये चार दिवसांचं चक्र रूढ होतं. पहिल्या दिवशी तयारीचा चपळ व्यायाम, दुसऱ्या दिवशी पूर्ण जोर, तिसऱ्या दिवशी विसावा, चौथ्या दिवशी मध्यम. चक्र ऐकायला शहाणपणाचंच आहे. पण फिलोस्ट्रॅटस त्याच्यावर तुटून पडतो. गेरेनस नावाचा मल्ल ऑलिंपियाला जिंकला, मित्रांबरोबर खाणंपिणं झालं, अंगात त्राण नव्हतं. त्याने गुरूला तसं सांगितलं. गुरू भडकला, आणि त्या दिवशी चक्रात जे होतं ते सगळं त्याच्याकडून करून घेतलं. गेरेनस तिथेच मेला. तक्ता पाळला गेला, माणूस गेला.

आजचे अभ्यासकही हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. जॉन कीली यांनी २०१२ मध्ये विचारलं की आपलं हे टप्पेवार नियोजन पुराव्यावर चाललंय की परंपरेवर? एकच सराव दोन माणसांना सारखा लागू पडत नाही, मग आधीच छापलेला तक्ता सगळ्यांना कसा चालेल? काही लोक यावरून म्हणतात, ‘बघा, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग कशाला हवं नियोजन?’ अहो, कीली नियोजन टाकून द्या म्हणत नाहीत. रोज मुलाकडे बघा आणि नियोजन बदलत राहा म्हणतात. टाचण काढलं तरी वर्गातली मुलं समजली नाहीत तर तोच धडा उद्या पुन्हा घेतोच ना आपण? टाचण नसलेला शिक्षक भरकटतो, आणि टाचणातून मान वर न काढणारा शिक्षक भिंतीला शिकवतो.

बघायचं कसं, तेही फार अवघड नाही. कार्ल फॉस्टर या अमेरिकन अभ्यासकाची एक पद्धत आहे, तिला पैसा लागत नाही. सराव संपल्यावर थोड्या वेळाने मुलाला विचारायचं, शून्य ते दहामध्ये आजचा सराव किती जड गेला? ते म्हणालं सहा, आणि सराव झाला पन्नास मिनिटं, तर त्या दिवसाचा भार तीनशे. वहीत लिहायचं. आठवड्याची बेरीज करायची. तीच मिनिटं असून मूल चारऐवजी आठ म्हणायला लागलं, तर समजायचं काहीतरी बिनसलंय. झोप, जेवण, परीक्षा, घरातलं भांडण, काहीही असेल. फॉस्टरचं दुसरं निरीक्षणही महत्त्वाचं. नुसता भार जास्त असणं वाईट, पण रोज सारखाच जड भार असणं त्याहून वाईट. जड दिवसामागे हलका दिवस हवा. आमच्या नातीच्या लॅमिनेट कागदावर सहा दिवस सहा जुळ्या भावंडांसारखे उभे आहेत!

कोल्हापूरच्या तालमीतले जुने वस्ताद हे शास्त्र वाचलेले नव्हते, पण त्यांच्यातल्या चांगल्यांकडे एक गोष्ट होती. तो पोरगा त्यांच्या डोळ्यांसमोर राहायचा, जेवायचा, झोपायचा. चेहरा बघून ते म्हणत, ‘आज जोर नको, मालिश करून घे.’ आजच्या सरांकडे साठ मुलं, एक शिट्टी, आणि मूल भेटणार दोन तास. वस्तादांची नजर नाही आणि वहीही नाही, मग उरतं काय? ओरडणं.

म्हणून पालकांना आणि विशेषतः आमच्या नातेवाइकांना सांगते. मुलाला कुठेही घालण्यापूर्वी सरांना तीन प्रश्न विचारा. पहिला, या वर्षी हिची मुख्य स्पर्धा कोणती, आणि तिथून मागे मोजलं तर आज आपण कोणत्या टप्प्यात आहोत? दुसरा, या आठवड्यात हलका दिवस कोणता आणि तोच का? तिसरा, हिची वही दाखवता का? चांगला प्रशिक्षक चिडणार नाही, उलट खूश होईल की कुणीतरी विचारलं. जो ‘तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणेल, त्याला नमस्कार करून मूल घरी आणा.

आणि भाच्या, तू सहा आठवड्यांनंतर पोरीला पुन्हा त्याच वेळापत्रकावर उभी करणार आहेस असं तुझ्या आईकडून कळलं. तसं करू नकोस. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी चालणं, मग चालता-चालता थोडं धावणं, एक दिवसाआड. दुखलं की त्याच दिवशी थांबायचं. वेगाचं काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही. या वर्षीचे वाढीव गुण गेले तर जाऊ देत, ती अजून आठवीत आहे, दहावीला वेळ आहे. तिच्यासाठी दोनशे पानी वही मी आणून ठेवली आहे, पहिल्या पानावर तारखा आखून झाल्या आहेत. पुढची पानं तिने भरायची आणि दर रविवारी मला वाचून दाखवायची.

रविवारी रेस नाही, हे ओघाने आलंच.